मधले दोनशे मीटर

प्रश्न तिसरा, गुण वीस:
बफर झोन ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
वर पंखा कुरकुरतो. लांब कॅम्पात रंगरुटांची कवायत,
एक दो एक, एक दो एक,
आणि मी सायप्रस लिहिते, कोरिया लिहिते,
निकोसियाच्या बंद विमानतळावर गंजत पडलेलं विमान
कालच बघून आल्यासारखं लिहिते.

कोगनोळी लिहीत नाही.

कोगनोळीला त्या डिसेंबरात
इकडची गाडी नाक्याच्या अलीकडे थांबायची,
तिकडची पलीकडे.
मधले दोनशे मीटर माणसांनी चालायचे.
डोक्यावर ट्रंक, काखेत पोर,
तंबाखूच्या वासाचे निपाणीचे दोन अडते,
आणि कोल्हापूरला डायलिसिसला निघालेले
संकेश्वरचे बसगोंडा तात्या.
मध्येच थांबून त्यांनी विचारलं,
"होनगेकर, हितं कुणाचं राज्य लागतंय वो?"
माझे बाबा कंडक्टर. म्हणाले,
"हितं दुभाजक लागतंय. बगून चला."

हलगत्ती मॅडम सांगतात, प्रबंधाला लांबचा संघर्ष घे,
जवळचा डोळ्यात जातो.
मॅडमचं खरं आहे.
पण बाबांच्या गाडीच्या पाटीला काळं फासलं होतं
तेव्हा ते मोरीजवळ बसून पाटी घासत होते,
आधी रॉकेल, मग राख, मग माझा जुना फ्रॉक,
आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,
"त्येंचं ऑइलपेंट असतंय, लगेच सुटतंय.
आपलं डांबर. लई वंगाळ."

पगार बेंगळुरूचा, शिव्या मराठीतल्या,
हिशेबाची वही कन्नडात.
आपलं म्हणजे कुणाचं, बाबा?
संशोधन पद्धतीच्या तासाला मुलाखतींचं कोडिंग शिकवतात,
एकेका शब्दाला रंग द्यायचा.
हा एक शब्द
माझ्याकडे अजून बिनरंगाचा पडून आहे.

मग तो डबा.
दुभाजकावर स्टीलचा डबा, बेवारस, सकाळी साडेनऊ.
दोन्हीकडचे पोलीस आपापल्या रेषेवर उभे.
हे म्हणाले, हद्द त्यांची. ते म्हणाले, ह्यांची.
वायरलेसवर दोन भाषांत एकच वाक्य
पाऊण तास ये-जा करत राहिलं.
(याला परीक्षेत सुरक्षा-कोंडी म्हणतात,
आकृती काढल्यास दोन गुण जास्त.)
बाबा गाडीतून उतरले, चालत गेले,
डबा कानाशी हलवून बघितला.
झाकणावर टोच्याने कोरलेलं नाव, कन्नडात.
तात्यांची बिनमिठाची भाकरी.
पलीकडच्या गाडीच्या खिडकीतून आत दिली
आणि परत येऊन दोनदा घंटी मारली.

आठ दिवसांनी मेमो आला:
कर्तव्यावर असताना वाहन सोडून
अन्य राज्याच्या हद्दीत प्रवेश केल्याबद्दल
खुलासा सादर करावा.

खुलासा मी लिहिला. बारावीत होते.
कन्नडात, वळणदार अक्षरात,
आणि शुद्धलेखनाची एक चूक मुद्दाम ठेवली,
त्यांनीच लिहिलाय असं वाटावं म्हणून.
एक दिवसाचा पगार कापला तरी.
तात्या पुढच्या पावसाळ्यात गेले.
त्यांच्या सुनेने डबा आमच्याकडे पाठवून दिला,
का, ते कुणी विचारलं नाही.
त्यात आता आई मोहरी ठेवते.

दहा मिनिटं उरलीत.
सायप्रसवर मी आडवी रेघ मारते,
हात वर करून पुरवणी मागते.
पर्यवेक्षक बाई वाकून विचारतात, कन्नडात,
नंबर किती?
मी मराठीत सांगते.
त्या बरोबर लिहून घेतात.